बारडोलीच्या तेरा छावण्या

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातील एक प्रसंग सांगून या लेखास प्रारंभ करते. संमेलनासाठी चाळीस विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून नावे दिली होती. प्रत्येकास एक कापडी बिल्ला मिळाला आणि बिल्ला छातीवर लागताच आपण कोठे उभे राहावे हे प्रत्येकाने स्वतःच ठरवून टाकले. निम्म्याहून अधिक स्वयंसेवक रंगमंचाच्या पायऱ्यांपाशी आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे गोळा झाले. इकडे पटांगणाच्या कोपऱ्यातील पाण्याची पिंपे सायंकाळी सहा वाजताच कोरडी पडली होती, आणि पाचवी-सहावीची मुले रिकामे पेले हातात घेऊन एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होती. दोष मुलांचा नव्हता. कामाची वाटणी करून देण्याची जबाबदारी माझ्यावर होती आणि ती मी पार पाडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी काहीशी रागावूनच बोलले. तेव्हा नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, स्वयंसेवक म्हणजे स्वतःच्या इच्छेने सेवा करणारा ना? मग त्याला काम दुसऱ्याने का नेमून द्यायचे? नेमूनच द्यायचे असेल तर तो नोकर झाला."

वर्ग हसला, परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या वेळी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. त्यानंतर हा प्रश्न कित्येक दिवस माझ्या मनात घोळत राहिला. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले, थोडेसे लांबलेले उत्तर आहे.

माझे घर मूळचे गोव्यातले. घरात आम्ही कोकणी बोलतो, आणि आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी मला अजूनही त्याच भाषेत आठवतात. गोव्यात खाडीकाठी 'खाजन' नावाची शेते असतात. खाऱ्या पाण्याला बांध घालून ती राखावी लागतात आणि पाणी आतबाहेर सोडण्यासाठी बांधात लाकडी दारे असतात. त्यांना आमच्याकडे 'मानस' म्हणतात. भरतीच्या रात्री बांध फुटला की सारा गाव धावत असे. आजोबा सांगत की त्या रात्री कोणी कोणास हुकूम देत नसे. कोण चिखल काढणार, कोण पेंढा आणणार, कोण कंदील धरणार हे ज्याचे त्याला ठाऊक असे. कारण त्यांचे वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले होते. माझ्या विद्यार्थिनीच्या मनात स्वयंसेवकाचे जे चित्र होते ते बहुधा असेच असावे.

परंतु बांधाची गोष्ट एका रात्रीची आहे. पाणी ओसरले की लोक घरी जातात. जे काम सहा महिने चालायचे आहे, ज्यात समोर पाणी नसून सरकार आहे, आणि ज्यात प्रत्येक घराला रोज नव्याने निश्चय करावा लागणार आहे, ते काम पिढीजात सवयीवर चालत नाही. असे एक काम आपल्या वडोदऱ्यापासून फार दूर नसलेल्या एका तालुक्यात १९२८ साली झाले. तो तालुका म्हणजे बारडोली होय.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात बारडोलीच्या सत्याग्रहाला सहसा एकच परिच्छेद मिळतो. सारा वाढला, शेतकऱ्यांनी तो भरण्यास नकार दिला, वल्लभभाई पटेल यांनी नेतृत्व केले, सरकारने माघार घेतली आणि वल्लभभाईंना 'सरदार' ही पदवी लोकांनी दिली. यातील एकही विधान चुकीचे नाही. तथापि नकार देणारे शेतकरी एकशे सदतीस गावांत विखुरलेले होते. एकटे वल्लभभाई एका वेळी एकाच गावी असू शकत. मग बाकीच्या एकशे छत्तीस गावांत त्या दिवशी कोण होते?

बारडोली तालुका सुरत जिल्ह्यात, सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. काळी कसदार जमीन, कापसाचे पीक, पाटीदार शेतकऱ्यांची भरभराटलेली गावे आणि पूर्वेकडे आदिवासींची वस्ती, असे त्याचे त्या काळचे रूप होते. जमीनमहसुलाची फेरआकारणी करताना जयकर नावाच्या अधिकाऱ्याने सुमारे तीस टक्के वाढ सुचविली. तक्रारी झाल्यावर १९२७ च्या जुलै महिन्यात सरकारने ती सुमारे बावीस टक्क्यांवर आणली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की कापसाचे भाव उतरले आहेत, आणि गावोगाव न हिंडता, शेतकऱ्यांना न विचारता ही आकारणी झाली आहे. त्यांनी वल्लभभाईंना बोलावले. ४ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई आले, त्यांनी गावोगावच्या प्रतिनिधींना परिणामांची कल्पना दिली आणि पुन्हा एकदा विचार करण्यासाठी त्यांना आठवड्याची मुदत दिली. १२ फेब्रुवारीस सभा पुन्हा भरली. योग्य चौकशी होईपर्यंत सारा भरायचा नाही अशी शपथ हिंदूंनी प्रभूचे व मुसलमानांनी खुदाचे नाव घेऊन घेतली. गीतेतील आणि कुराणातील वचने म्हटली गेली, कबीराची पदे गायिली गेली.

शपथेचा दिवस हा प्रारंभ होता असे आपल्याला वाटते. परंतु खरा प्रारंभ त्याच्या सहा वर्षे आधी झाला होता. १९२२ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींनी सविनय कायदेभंगासाठी हाच तालुका निवडला होता. चौरीचौऱ्याच्या हिंसेनंतर त्यांनी तो लढा स्थगित केला. गावकऱ्यांची घोर निराशा झाली. मात्र कार्यकर्ते तालुका सोडून गेले नाहीत. सरभोण, मढी, वेडछी अशा ठिकाणी आश्रम उभे राहिले. तेथे सूतकताई चाले, दारूबंदीचा प्रचार चाले, आदिवासींच्या मुलांसाठी शाळा चालत. ही कामे वर्तमानपत्रांत गाजण्याजोगी नव्हती. त्यांतून एक गोष्ट साधली, ती ही की १९२८ साली जेव्हा घरोघर जाऊन शपथपत्रावर सही घेण्याची वेळ आली, तेव्हा दार ठोठावणारा माणूस त्या घराला परका नव्हता. घरातल्या आजारी म्हाताऱ्याचे नाव त्याला ठाऊक होते. याशिवाय १९२७ च्या पावसाळ्यात गुजरातेत महापूर आला होता, आणि त्या वेळी वल्लभभाईंच्या हाताखाली अन्नधान्य व बी-बियाणे वाटण्याच्या कामात अनेक तरुण तयार झाले होते. कोणत्या तरुणावर हिशेब सोपवावा आणि कोणाला निरोप घेऊन पिटाळावे, याची पारख त्या पुरातच झाली होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता रचनेकडे वळू. वल्लभभाईंनी सबंध तालुका तेरा छावण्यांत विभागला. 'छावणी' हा शब्द लष्करातला आहे आणि तो त्यांनी मुद्दाम वापरला असावा. प्रत्येक छावणीकडे काही ठरावीक गावे होती आणि तिच्यावर एक अनुभवी कार्यकर्ता 'विभागपती' म्हणून नेमलेला होता. गुजरात प्रांताच्या निरनिराळ्या भागांतून आलेले सुमारे शंभर मुरलेले कार्यकर्ते आणि त्यांच्या हाताखाली सुमारे दीड हजार स्वयंसेवक, असा हा पसारा होता. या दीड हजारांत विद्यार्थी पुष्कळ होते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

विभागपतींची नावे पाहिली म्हणजे एक मौज दिसते. त्यांच्यात एके काळी छोट्याशा संस्थानाचे धनी असलेले दरबार गोपाळदास होते, आणि पायांत वहाणासुद्धा न घालता खेडोपाडी हिंडणारे रविशंकर महाराजही होते. एकाचे घराणे राजाचे, दुसऱ्याचे आयुष्य बैराग्यासारखे. परंतु छावणीत दोघांचे काम एकच होते. आपल्या हिश्श्याच्या गावांपैकी कोणत्या घरी आज काय घडले, याचा जबाब त्यांना द्यावा लागे. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथे सापडते. स्वयंसेवकाला काम नेमून दिले म्हणजे त्याची इच्छा हिरावून घेतली असे होत नाही. तालुक्याची सेवा करीन असे म्हणणाऱ्याची इच्छा मोठी खरी, पण ती कोठेच टेकत नाही. अमुक तीन गावे तुझी, असे सांगितल्यावर तिला उभे राहायला जागा मिळते. आणि त्या तीन गावांत काही बिघडले तर 'मला वाटले दुसरा कोणी पाहील' ही सबब उरत नाही. आमच्या संमेलनातील पाण्याच्या पिंपांपाशी नेमकी हीच सबब उभी होती.

छावण्यांत कामांची वाटणीही झालेली होती. एक तुकडी शपथपत्रे घेऊन घरोघर जाई. दुसरी सभांची व्यवस्था पाही. भाषणे मोजक्या लोकांनीच करावी असा कटाक्ष होता, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. वीस वर्षांच्या उत्साही तरुणाने व्यासपीठावरून आवेशात उच्चारलेले एखादे वाक्य सगळ्या तालुक्याला भोवू शकते. तरुणांनी गाणी म्हणावी, प्रभातफेऱ्या काढाव्या, निरोप पोचवावे. शब्दाची जोखीम ज्यांनी उचलायची त्यांनीच उचलावी. आजच्या तरुणाला हे बंधन जाचक वाटेल. परंतु त्या बंधनामुळेच सहा महिन्यांत त्या तालुक्यातील शेतकऱ्यांच्या हातून शांतता ढळली नाही, हे विसरून चालणार नाही.

प्रकाशनाचे खाते निराळे होते. बारडोलीहून 'सत्याग्रह पत्रिका' रोज निघे. वेडछीच्या आश्रमातले जुगतराम दवे तिचे संपादन करीत. तीत गावोगावच्या बातम्या, वल्लभभाईंची भाषणे आणि जप्तीच्या हकीकती छापल्या जात. गावात काय घडले हे छावणीत कळे, छावणीतून बारडोलीस जाई, आणि छापून झालेली पत्रिका स्वयंसेवक पायी चालत तालुक्याच्या अगदी टोकाच्या वाडीपर्यंत पोचवीत. या फेऱ्याचा परिणाम कल्पनेने पाहण्यासारखा आहे. आपल्या गावात जप्तीवाले आले असताना शेतकरी कुटुंबाला वाटे की आपण एकटेच सापडलो. दुसऱ्या दिवशी पत्रिकेत वाचले म्हणजे कळे की त्याच दिवशी आणखी चार गावांनी तेच सोसले आहे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना शाळेत जाणारा मुलगा पत्रिका वाचून दाखवी. मुलांनी आपल्या घरच्यांची समजूत घालावी, असेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले जात होते.

स्त्रियांमधील कामाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. सरकारी माणूस जप्तीसाठी येतो तो दिवसा, आणि दिवसा घरात स्त्रिया असतात. भांडीकुंडी, गुरे, धान्य यांवर हात पडतो तो त्यांच्या डोळ्यांदेखत. पुरुषांनी सभेत शपथ घेतली आणि घरी स्त्रीचा धीर सुटला, तर शपथ टिकणे कठीण, हे वल्लभभाईंनी पहिल्या काही आठवड्यांतच ओळखले. मुंबईच्या एका सधन पारशी घराण्यातील मिठूबेन पेटिट, दरबार गोपाळदास यांच्या पत्नी भक्तिबा, वल्लभभाईंच्या कन्या मणिबेन आणि शारदाबेन मेहता या खेडोपाडी राहून स्त्रियांशी बोलू लागल्या. शारदाबेन या गुजरातेतील पहिल्या दोन पदवीधर स्त्रियांपैकी एक. त्यांच्या शिक्षणाचा उपयोग त्या काळी खेड्यातल्या ओसरीवर, जमिनीवर बसून झाला. पुढे सभांना स्त्रियांची गर्दी होऊ लागली.

आणि मग ढोल. जप्तीची टोळी गावाकडे निघाली की टेहळणीवर असलेला स्वयंसेवक खबर देई, ढोल वाजे, शिंग फुंकले जाई, आणि बघता बघता सारा गाव कुलूपबंद होई. अधिकारी येतात तो रस्ते ओस, दारे बंद, पंचनाम्यावर सही करावयास पंच नाही, सामान वाहून नेण्यास गाडीवान नाही. दारे दिवस-दिवस बंद ठेवावी लागत. माणसे आणि म्हशी एकाच छपराखाली अंधारात कोंडून राहत. उजेडाविना म्हशींच्या अंगाचा काळा रंगसुद्धा फिका पडला, असे त्या वेळच्या हकीकतींत नमूद आहे. आपण वडोदऱ्याच्या वाचकांनी ध्यानात घेण्यासारखी एक गोष्ट येथे आहे. पलसाणा, महुवा, व्यारा हा आजूबाजूचा मुलूख त्या काळी गायकवाडी राज्यातला होता. ब्रिटिश हद्दीतील जप्तीचा हुकूम गायकवाडी शिवेवर थांबे. त्यामुळे चाहूल लागताच कित्येक कुटुंबे गुरेढोरे हाकीत ती शीव ओलांडीत. वडोद्याच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश म्हणून काम करून निवृत्त झालेले अब्बास तय्यबजी म्हातारपणी बारडोलीच्या खेड्यांतून हिंडत होते, हाही आपल्या शहराचा त्या लढ्याशी असलेला एक धागा होय.

येथवर सारे कौतुकाचे झाले. परंतु विद्यार्थ्यांना अर्धी गोष्ट सांगणे मला योग्य वाटत नाही. त्या टेहळणी करणाऱ्या तुकडीकडे आणखी एक काम होते. कोणता शेतकरी डळमळतो आहे, कोण गुपचूप सारा भरण्याच्या विचारात आहे, हे शोधून काढायचे आणि त्याच्यावर रात्रंदिवस नजर ठेवायची. जो फुटला त्याच्यावर जातपंचायतीचा आणि गावाचा बहिष्कार पडे. त्याला न्हावी मिळू नये, धोबी मिळू नये, शेतात मजूर मिळू नये, इथपर्यंत गोष्ट जाई. बहिष्काराने कोणाचे अन्नपाणी किंवा औषधोपचार तोडू नयेत अशी गांधीजींची शिकवण होती. परंतु खेड्यातल्या बहिष्काराला अशी शीव पाळणे किती कठीण असते हे खेडे पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. एखाद्या विधवेच्या घरी दोनच म्हशी असतील आणि त्याही जप्तीत जाण्याच्या भीतीने तिने सारा भरला असेल, तर तिच्या दारासमोर पहारा करणाऱ्या स्वयंसेवकाच्या मनात काय आले असेल? मला याचे उत्तर देता येत नाही. एवढेच म्हणता येते की स्वयंसेवकांची तुकडी दुसऱ्याच्या इच्छेवर पहारा ठेवू लागते, तेव्हा 'स्वयं' हा शब्द थोडा फिका होतो. हे लिहिताना त्या लढ्याचे मोल मी कमी करीत नाही.

दुसरी गोष्ट दुबळा मजुरांची. बारडोलीच्या संपन्न शेतांत राबणारे हे लोक भूमिहीन होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी ते पिढ्यान्‌पिढ्या एकाच मालकाच्या घरी 'हाळी' म्हणून बांधलेले असत. साऱ्याचा दर खाली आला काय किंवा वर गेला काय, ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याच्या ताटात त्याने फरक पडत नव्हता. मालकाबरोबर हे मजूरही ढोल ऐकून दारे लावीत होते, मालकाच्या म्हशी राखीत होते. तेरा छावण्यांच्या कामात त्यांचे स्वतःचे गाऱ्हाणे बसले नाही. पूर्वेकडील आदिवासी शेतकऱ्यांची गोष्ट वेगळी होती. पूर्वी 'काळीपरज' असे हिणकस नाव वागविणाऱ्या या समाजाला १९२७ मध्ये 'राणीपरज' म्हणजे रानातली प्रजा हे नाव मिळाले होते, आणि त्यांच्यातील जमीनधारक सत्याग्रहात खुशीने उतरले.

लढ्याचा शेवट थोडक्यात सांगते. सरकारने जमिनी जप्त केल्या, काही विकल्या, पठाण आणून गावांत फिरविले. अनेक गावपाटलांनी आणि काही तलाठ्यांनी राजीनामे दिले. कन्हैयालाल मुन्शी यांनी मुंबई कायदे कौन्सिलातील जागा सोडली. वल्लभभाईंना अटक झाली तर काम थांबू नये म्हणून २ ऑगस्टला गांधीजी स्वतः बारडोलीस येऊन राहिले, आणि त्याच आठवड्यात तडजोड झाली. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली व वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आणली. यांतील ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. महादेवभाई देसाई यांनी लगोलग, १९२९ साली, या लढ्याचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. आज आपल्याला छावण्यांची एवढी बारीक माहिती मिळते ती बरीचशी त्यांच्यामुळे.

बारडोलीत जी घडी बसली तिचा उपयोग दोनच वर्षांनी झाला. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीस निघाले. त्यांच्याबरोबर निघालेल्या अठ्ठ्याहत्तर जणांची यादी प्रसिद्ध आहे, आणि तीत पंडित नारायण मोरेश्वर खरे यांच्यासारखी मराठी माणसेही होती. परंतु यादीत नसलेल्या एका तुकडीविषयी मला सांगावयाचे आहे. तिचे नाव 'अरुण टुकडी'. सूर्याच्या आधी अरुण येतो, म्हणून हे नाव. ही टुकडी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची होती. मुख्य पदयात्री गावात पोचण्यापूर्वी हे विद्यार्थी तेथे जात. पिण्याचे पाणी कोठले, शौचासाठी चर कोठे खणायचे, एवढी माणसे कोठे निजतील, याची व्यवस्था पाहत. फोटो काढले जात ते मागून येणाऱ्यांचे. चर खणणारे तोवर पुढच्या गावाला निघालेले असत.

या टुकडीकडे एक वहीसुद्धा होती, असे म्हणायला हरकत नाही. कारण गांधीजींनी प्रत्येक गावाकडून काही माहिती मागितली होती. गावची लोकसंख्या किती? त्यांत स्त्रिया, पुरुष, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किती? अस्पृश्य मानलेल्यांची संख्या काय, आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय आहे का? शाळा असेल तर मुले किती व मुली किती? चरखे किती चालतात, खादी किती खपते? दर माणशी मीठ किती लागते, गुरांना किती लागते? गाई-म्हशी किती, गायरान किती? सारा किती आणि एकरी दर काय? दारूची दुकाने किती? गांधीजी सभेत बोलत तेव्हा हे आकडे त्यांच्या हाती असत, आणि त्या गावाला त्याच्याच आकड्यांवरून ते चार शब्द सुनावीत.

सुनावण्याची पाळी आपल्याच तुकडीवर आली तेव्हाही त्यांनी कुचराई केली नाही. २९ मार्चला सुरत जिल्ह्यातील भाटगाम येथे त्यांनी जाहीर सभेत आपल्या माणसांना झाडले. स्वागताच्या उत्साहात सुरतेहून मोटारीने दूध आणि भाजीपाला मागविला जात होता, आणि रात्रीच्या चालीत उजेड हवा म्हणून एका मजुराच्या डोक्यावर जड किटसन बत्ती देऊन त्याला भराभर चालविले जात होते. ज्या गरिबांच्या मिठासाठी आपण निघालो त्यांतल्याच एकाच्या डोक्यावर आपला दिवा आहे, हे दृश्य त्यांना असह्य झाले. व्यवस्थेचा दोष त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकलला नाही. आपल्यासह सर्वांच्या पदरात घातला. बारडोलीतील दुबळा मजुरांविषयी मी वर जे लिहिले, ते लिहिताना ही भाटगामची बत्ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर लेखात देण्याऐवजी एक काम सुचविते. यंदाच्या उन्हाळी सुटीत आठवी आणि नववीच्या विद्यार्थ्यांनी चार-चारांच्या टुकड्या कराव्या. कोणी कोणत्या टुकडीत जायचे आणि टुकडीप्रमुख कोण हे त्यांनीच ठरवावे. मी सांगणार नाही. मात्र प्रत्येक टुकडीने एकच गल्ली किंवा एकच सोसायटी घ्यावी, आणि एकदा घेतलेली बदलू नये. तेथे घरे किती, कोणत्या भाषा बोलल्या जातात, शाळेत जाणारी आणि न जाणारी मुले किती, पाणी किती वाजता येते आणि ते भरून ठेवण्याचे काम घरात कोण करते, कचरा उचलायला येणाऱ्या माणसाचे नाव किती घरांना ठाऊक आहे, एवढ्या गोष्टी विचारून लिहून आणाव्या. ज्या घरी उत्तर देण्याची इच्छा नसेल तेथे आग्रह धरू नये. वहीत नुसती रेघ मारावी. कोणाचे नाव लिहू नये. वह्या जून महिन्याच्या पहिल्या शनिवारी माझ्याकडे द्याव्या. संमेलनातील पाण्याची जबाबदारी कोणत्या टुकडीची हे त्याच दिवशी ठरवू.